मधल्या मॉडेलचे दिवे

गाडीचं मधलं मॉडेल घेणाऱ्याला कंपनी जन्मभर डिवचत राहते. डॅशबोर्डवर बटणांच्या जागी मुकी, गुळगुळीत चौकोनं. पुढच्या बंपरमध्ये फॉग लॅम्पचे दोन खड्डे तयार, पण त्यांवर काळ्या प्लास्टिकची झाकणं. शेजारी टॉप मॉडेल उभं राहिलं की ही झाकणं जरा जास्तच काळी दिसतात.

पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं ठरलं आणि मला निमित्त मिळालं. "पुण्यात धुकं कुठं असतं?" हा घरचा सवाल मी शास्त्राने परतवला. धुक्यात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारला की थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प मात्र खाली बसतो, त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापलेला असतो, म्हणून निदान रस्त्याची कड दिसते. "आणि कितीला पडतं हे?" यावर शास्त्र गप्प.

नाना पेठेतल्या दुकानात पहिला प्रश्न आला, "पिवळे की पांढरे?" हॉर्न घ्यायला आलेल्या एका रिक्षावाल्याने "पिवळा धुकं फाडतो" असा निकाल दिला. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांना रंगाचं फारसं सोयरसुतक नसतं, हे मी बोललो नाही. ज्याला वाद घालायचाय त्याने नाना पेठेत गाडी नीट जागेवर लावलेली असावी. पिवळे घेतले.

फिटर म्हणाला, "अर्ध्या तासात होतंय साहेब." मग त्याच्या हाताखालच्या पोराने बंपरला हात घातला. बंपर थोड्या स्क्रूंवर आणि पुष्कळशा प्लास्टिकच्या क्लिपांवर टिकलेला असतो. स्क्रू निमूट निघतात. क्लिप निघताना 'कट्' असा आवाज येतो आणि तो मालकाच्या पोटात ऐकू येतो. "मोडली का रे?" "ती मोडायचीच असते काका." फिटरसाठी साहेब असलेला मी पोरासाठी काका झालो होतो, बंपर निघेपर्यंत बहुधा आजोबा झालो असतो.

खरी लढाई वायरिंगची. "रिले कशाला साहेब? डायरेक्ट देतो, खर्च वाचेल." रिले म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच. इथे मी ठाम राहिलो. पंचावन्न वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट. बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट. तो सगळा डॅशबोर्डच्या नाजूक बटणातून नेला तर धूर आधी आतच दिसायचा. रिले लावला की बटणाचा रुबाब वरमाईसारखा: नुसती भुवई उचलायची, धावपळ दुसऱ्याने करायची. रिलेच्या 85 आणि 86 नंबरच्या पिनांवर इशारा पोचतो, मग 30 वर आलेला बॅटरीचा करंट 87 मधून दिव्यांकडे जातो. बॅटरीजवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज. "आणि कंपनीची वायर कापायची नाही, कपलरला कपलर जोडा," असं सांगितल्यावर फिटरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला वॉरंटी नसते.

मग इंजिनाकडून केबिनमध्ये वायर न्यायची. मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, ते कुठं असतं हे फक्त गाडी बनवणाऱ्याला आणि उंदरांना माहीत. पोरगं स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणं पडलं, फिटर बॉनेटमधून तार ढोसत राहिला. "आली का?" "नाही." "आता?" "नाकात आली!" तेवढ्यात चहा आला. अर्धा तास केव्हाच मागे पडला होता.

पार्किंग लाइट चालू असेल तरच हे दिवे लागतील असं करून घेतलं, नाहीतर विसरून रात्रभर जळायचे आणि सकाळी गाडीला धक्का मारायला वॉचमनला बोलवायचं. घरी भिंतीसमोर उभं राहून झोत खाली बसवताना तळमजल्यावरच्या आजींनी खिडकी उघडून विचारलं, "कुणाचं लग्न आहे का रे?"

ताम्हिणीत धुकं भेटलं, तेही असं की बॉनेटचं टोक दिसेना. बटण दाबलं. पांढरी पट्टी आणि रस्त्याची कड, एवढंच पण स्पष्ट दिसू लागलं. आरशात पाहिलं तर मागे गाड्यांची रांग, सगळ्या माझ्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून चाललेल्या. मला भूक लागली होती. डावीकडे एक टपरी दिसली म्हणून वळलो, तर मागची सगळी रांग वळली. काचा खाली झाल्या, कुणीतरी ओरडलं, "इथून रस्ता कुठं जातो हो?"

टपरीवाल्याने आमच्याकडून कांदाभज्यांचे पैसे घेतले नाहीत. उलट विचारलं, "साहेब, पुढच्या रविवारी येताय का?"