पोट्टं राहू द्या घरी, आधार कार्ड तेवढं पाठवा

वर्षभर रस्त्यात दिसले तरी मान न वळवणारे सर एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून तुमच्या ओसरीवर येऊन बसले आणि "पोट्टं हुशार आहे बरं का तुमचं" म्हणाले, की समजा नवीन सत्र लागलं. कागदावर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या आठ-पंधरा दिवस मागून उघडतात. 2024 साली 1 जुलैला उघडल्या, 2025 मध्ये 23 जूनला. पण त्या तारखा लेकरांसाठी. मास्तर लोकांचं सत्र चौथी आणि सातवी झालेली पोरं गावोगाव हुडकत एप्रिलमध्येच सुरू होते.

अशा वेळी पालकाने घाई करू नये. आधी पाणी द्यावं, मग चहा टाकावा. सर त्यांच्या शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म काढतील, पेनाचं टोपणही काढतील. आपण म्हणावं, "पाहू ना सर, घरी इचारून सांगतो." मग बोलता बोलता सहज निघालं पाहिजे, की काल दुसऱ्या संस्थेचे सर येऊन गेले, ते दप्तर आणि डझनभर वह्या देतो म्हणत होते. हे सर लगेच गाडी पाठवतो म्हणतील, दारातून नेऊ आणि दारात सोडू. तिसरे कोणी आले तर गोष्ट सायकलीपर्यंत जाते. टी.सी. आणायची तुम्हाला काळजीच नाही, ते स्वतः जाऊन काढून आणतात. बैलबाजारात दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव ठरतो, तसाच हा सौदा आहे. फरक एवढाच, की बैलाचे दात तरी पाहतात. तुमच्या पोराला वाचता येते का, हे या तिघांपैकी कोणीही विचारणार नाही. तुम्हीही मुद्दाम सांगू नका.

पण फार ताणू नये. त्या गाडीचं भाडं संस्था देते असा समज असेल तर तो काढून टाका. शिक्षक मंडळी पगारातून वर्गणी करतात आणि भाडं भरतात. पट, म्हणजे शाळेतल्या पोरांची संख्या, घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की पद जाते, आणि मग मास्तर 'अतिरिक्त' ठरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला समायोजनात जातो. त्यातले नवीन लागलेले तर शिक्षणसेवक, पहिली तीन वर्षं महिन्याला 18 हजार मानधनावर. त्यांच्या नोकरीचा एक तुकडा तुमच्या अंगणात गोट्या खेळत असतो. म्हणून सायकलीवर थांबा. मोबाइल मागू नका.

प्रवेश ठरला की शाळेची पहिली अपेक्षा तुम्हाला कळवली जाईल. ती अभ्यासाबद्दल नसते. आधार कार्डाबद्दल असते.

हे नीट समजून घ्या, कारण वर्षभराचं सगळं यातच आहे. वर्गात बसलेलं पोरगं आणि पटावरचं पोरगं हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिलं बाकावर दिसते. दुसरं सरकारच्या ऑनलाइन नोंदींत, म्हणजे यू-डायसवर, सरलवर आणि आता अपार आयडीवर दिसते. शिक्षकांची पदं ठरतात ती संचमान्यतेने, आणि तिथे ज्याचं आधार वैध तेच पोरगं खरं. दाखल्यावर 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैशनवी' असेल, तर तुमची पोरगी रोज पहिल्या बाकावर बसूनही शाळेत नाही. उलट एखाद्याचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळत असेल, तर त्याने वर्गाचं तोंड नाही पाहिलं तरी तो गुणी विद्यार्थी.

तेव्हा पेरणीच्या ऐन धामधुमीत एक दिवस काढा, मजुरी बुडवा आणि लेकराला तालुक्याला आधार केंद्रावर न्या. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, म्हणजे नेमकं नववी-दहावीत. सकाळी नंबर लावा. दुपारी सर्व्हर येईल. मग तुमची पोरगी त्या लाल उजेडाच्या डबीवर बोट ठेवेल आणि डबी काहीच म्हणणार नाही. निंदणाला जाणाऱ्या पोरीचं बोट आहे ते, त्याच्यावर गवताने कापल्याच्या बारीक रेघा आहेत, नखात काळी माती आहे. मशीनला त्यात कोणाचीच ओळख पटत नाही. "बोट उठून नाही राहिलं," ऑपरेटर सांगेल, "डोक्याले घास." ती तेल लावलेल्या केसांवर अंगठा घासेल, ओढणीला पुसेल, पुन्हा ठेवेल. मागून रांगेतले लोक सल्ले देतील: जोरात दाब, हळू दाब, फुंकर मार. पाचव्या खेपेला हिरवी खूण आली तर सरांना तिथूनच फोन करा. पोरगी दहावीत पहिली आली तरी त्यांच्या आवाजात एवढा आनंद तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

आता खर्चाचं. शाळा आणि पेरणी एकाच पंधरवड्यात येतात, ही सोय कोणी केली माहीत नाही, पण माणूस फार विचारी असावा. 2025 च्या हंगामात बीटी कपाशीची 475 ग्रॅमची थैली 901 रुपयांना होती. कृषी केंद्राच्या ओट्यावर तुम्ही किती थैल्या घ्यायच्या याचा हिशोब करत असता आणि खिशात गणवेशाची चिठ्ठी असते. शाळा या बाबतीत मोठ्या मनाची आहे. गणवेश कुठूनही घ्या म्हणते. त्या रंगाची, त्या चौकटीची कापडं तालुक्यात एकाच दुकानात मिळतात आणि त्या दुकानाच्या फलकावर संस्थेच्या अध्यक्षांचंच आडनाव असते, हा योगायोग. माप घेताना शिंप्याला स्पष्ट सांगा, "वाढत्या अंगाचा शिव." आठवीत बाह्या बोटांपर्यंत आल्या पाहिजेत, तर दहावीत त्या मनगटाच्या जवळपास राहतात.

सरकारवर सोडून द्यावं, असं वाटत असेल तर 2024-25 आठवा. जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या पोरांना राज्यभर एकच गणवेश द्यायचा ठरला. स्वातंत्र्यदिन होऊन गेला तरी कितीतरी ठिकाणी कपडे आले नाहीत, आले ते कोणाच्या ढोपरावर आणि कोणाच्या घोट्याखाली. डिसेंबर 2024 मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. तेवढ्या महिन्यांत पोरांची उंची मात्र कोणत्याही निर्णयाची वाट न पाहता वाढली. बेशिस्त, दुसरं काय!

दप्तराच्या ओझ्याची काळजी नको. ते पोराच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर जायला नको, असं राज्याने 2015 मध्येच ठरवलं आहे. आपल्याकडे हा नियम पाळायचा सोपा उपाय म्हणजे पुस्तकंच उशिरा घेणं.

इथे नववीच्या पालकांनी जरा पुढे सरकून बसावं. कायद्याने शिक्षण फुकट आणि सक्तीचं आहे ते वयाच्या 14 वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आठवीत पुस्तकं सरकारची, दुपारचं जेवण सरकारचं. सहावी ते आठवीच्या एका पोटाला दिवसाचा 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. नववीत गेलं की तेच पोट, तेच पोरगं, त्याच शाळेचा तोच व्हरांडा, फक्त ताट नाही. मधल्या सुट्टीत आठवीची पोरं रांगेत बसतात, मोठ्या गंजातून खिचडी पडते, आणि नववीची पोरं पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून आपलं काही त्यात नाही असा चेहरा करतात. एखादी स्वयंपाकीण बाई चोरून एक डाव वाढते. तिची तक्रार करू नका, नियमात बसत नसलं तरी. मागे तर तीन पदार्थांचं जेवण द्यायचं ठरलं होतं, अंडा पुलाव, गोड खिचडी वगैरे. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्यातले अंड्याचे आणि गोड पदार्थ ऐच्छिक केले आणि त्यांच्यासाठी वेगळे पैसे न देता लोकसहभाग घ्यायला सांगितलं. लोक म्हणजे आपणच. तेव्हा घरी कोंबडी असेल तर तिलाही नवीन सत्राच्या अपेक्षा समजावून सांगा.

शाळेत वेळेवर या, हा नियम फळ्यावर रोज लिहिला जातो. एसटी तो वाचत नाही. मुलींना बारावीपर्यंत प्रवास फुकट, मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत, सरकारच्या मानव विकास योजनेची निळी गाडी मुलींसाठी वेगळी. सवलत देण्यात कोणीच कमी पडलेलं नाही. गाडी यायची तेवढी राहिली. नाल्याला पूर असला की ती अलीकडच्याच फाट्यावरून परत फिरते आणि पोरं दुसऱ्या तासाच्या मध्यात चिखलाचे पाय घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहतात. उशिराचं कारण वहीवर लिहून पालकाची सही आणायला सांगतात. दर वेळी नवीन कारण लिहा. 'बस आली नाही' हे फारच साधं वाटते, सरांना खोटं वाटण्याची शक्यता असते.

पालकांचा व्हॉट्सअॅप गट असतो. त्यात तुमचा नंबर आहे आणि तुमचा फोन पोराजवळ आहे, त्यामुळे शाळेच्या सगळ्या सूचना योग्य माणसापर्यंत पोचतात.

आता पालकसभा. ती पहिल्या महिन्यात होतेच. दुपारी दोनला बोलावतात, म्हणजे निंदणाच्या बायांनी अर्धी रोजी सोडून यायचं आणि अध्यक्षसाहेब साडेतीनला येईपर्यंत सतरंजीवर बसायचं. हार होतात, नारळ होतो, शाळेच्या शंभर टक्के निकालाच्या परंपरेवर भाषण होते. कायदा म्हणतो की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बाया असाव्यात. तेव्हा रजिस्टर फिरेल, त्यात तुमच्या नावापुढे पेन्सिलीने फुली केलेली असेल. तिथे सही करा. वरचा ठराव अजून लिहायचा आहे, त्यामुळे तो वाचण्याचा त्रास नाही.

एखादी बाई हमखास मागून उठते. "सर, मंग गणिताचे सर कवा येतीन?" मंडपात एकदम पंख्याचा आवाज ऐकू येतो. गणिताचे सर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून यायचे आहेत. तोवर गणित पीटीचे सर घेतात, तेही ज्या दिवशी मतदार यादीचं काम नसेल त्या दिवशी. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं शिक्षकाला देता येतात असं शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलं आहे. त्यापलीकडची जी करतात, माहित्या भरणं, फोटो चढवणं, लिंक उघडणं, ती कुठे लिहिलेली नाहीत, आणि दिवस त्यांच्यातच जातो. त्या बाईला अध्यक्षसाहेब म्हणतील, "बाई, तुम्ही घरी अभ्यास घेता का?" बाई खाली बसेल. ही सभेतली सगळ्यात यशस्वी शिकवणी.

आणि त्या शंभर टक्के निकालाचं रहस्यही ऐकून ठेवा, तुमच्या कामाचं आहे. आठवीत ज्या पोरासाठी तीन संस्था उन्हात फिरल्या, नववी संपताना तेच कच्चं पोरगं शाळेला जड होते. पटासाठी ते एक होतं, निकालासाठी ते वजा एक. मग तुम्हाला प्रेमाने बोलावतात, खुर्ची देतात आणि सांगतात, "भाऊ, याला 17 नंबरचा फॉर्म भरून द्या, दहावीला बाहेरून बसू द्या, वर्ष वाया जाणार नाही." ज्या सरांनी सायकल दिली तेच असतील. सायकल परत मागत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

ही सगळी पथ्यं पाळणं जमत नसेल तर एकच तारीख घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: 30 सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर पदं ठरतात. ऑगस्टपासून फोन वाढतील, गाडी वेळेवर येईल, ताप असला तरी "थोडा वेळ बसून जाऊ द्या" म्हणतील. 2011 च्या ऑक्टोबरात तर राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली होती, मतदानासारखी बोटाला शाई लावून पोरं मोजली होती, कारण एकच पोरगं दोन शाळांत हजर राहायला शिकलं होतं. आता शाईची गरज नाही, आधार आहे.

1 ऑक्टोबरपासून तुम्ही मोकळे. तोवर सोयाबीन सोंगणीला आलेलं असते, ते झालं की कपाशी फुटते, आणि पाठीला झोळी बांधली की नववीतलं पोट्टं मोठ्या माणसाच्या बरोबरीने वेचते. शाळेतून कोणी विचारायला येणार नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'उ' पडतच राहते. तिकडे मुकडदमाच्या वहीत वेचलेल्या कापसाचे किलो लागतात. एकाच दिवशी दोन्हीकडे उपस्थित राहणाऱ्या अशा लेकराला शनिवारी पैसे मात्र एकाच वहीवरून मिळतात. त्याबद्दल मुख्याध्यापकांकडे अर्ज करू नका. केलाच, तर सोबत आधारची झेरॉक्स जोडा.