दुहेरी अंध व्हा, सुखी राहा!

तर मंडळी, तुमच्या घरातल्या कुणासाठी डॉक्टरांनी "नवीन औषधाची एक ट्रायल चालू आहे, आजींना घ्यायचं का?" असं विचारलंय का? अभिनंदन. मी या क्षेत्रातली अनुभवी आहे. म्हणजे ट्रायलमध्ये आई होती, मी फाइल धरून बाकड्यावर. पण बाकड्यावर जे ज्ञान मिळतं ते एमडी करूनही मिळत नाही. मागच्या मंगळवारी तर कळसच झाला, त्याचं पुढे सांगते, आधी तुमचं भलं करून घेऊ.

पहिला नियम, फॉर्म वाचायचा नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक चुकतात. आईला वीस वर्षांची शुगर, त्यातनं पायांची आग. रात्री दोन वाजता उठून मोरीत गार फरशीवर पाय टेकून बसायची, उन्हाळ्यात पायांना ओलं फडकं गुंडाळून झोपायची. त्या आगीवर नवीन गोळी येतेय, सहा महिन्यांची ट्रायल, आठ व्हिजिट, तपासण्या फुकट, वर यायजायचे पाचशे. आई एका पायावर तयार. मग समोर फॉर्म आला, एकतीस पानी, आणि चक्क मराठीत! मला इतका आनंद झाला की मी वाचायलाच घेतला. ही माझी चूक.

पहिल्याच पानावर, "आपण या अभ्यासाचे विषय आहात". आई म्हणाली, विषय म्हणजे, भूगोलासारखा? म्हटलं पुढे बघू. पुढे, "आपणास यादृच्छिकपणे दोन हातांपैकी एका हातामध्ये टाकण्यात येईल". आई स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. नंतर "दोन आठवड्यांचा धुण्याचा कालावधी", म्हणजे आधीची पायाची गोळी बंद करून ती अंगातनं पूर्ण निघून जाऊ द्यायची, हे मला घरी येऊन नेटवर शोधल्यावर कळलं, आईने तोपर्यंत ठरवून टाकलं होतं की दोन आठवडे रोज पाय धुवायचे असणार, त्यात काय एवढं. आणि मग आलं, "हा अभ्यास दुहेरी अंध आहे". आई पिशवी घेऊन उठलीच. "चल गं घरी. पायांसाठी दोन्ही डोळे घालवू का?"

ट्रायलचं सगळं बघणारी को-ऑर्डिनेटर मुलगी चांगली होती हो, तिच्या टेबलावर अजून पाच फाइली, बाहेर पेशंट ताटकळलेले. म्हणाली, "अहो आजी, तसं काही नसतं, ते स्टँडर्ड आहे." स्टँडर्ड! आणि मग पेन्सिलने फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या, इथे, इथे आणि इथे. एका फुलीपाशी लिहिलं होतं की अभ्यासादरम्यान आपण व आपले जोडीदार दोन गर्भनिरोधक पद्धती वापराल. आई सदुसष्ट वर्षांची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई तेवढ्यावर मात्र मनापासून हसली, मला काही हसू आलं नाही.

कारण बघा, हे सगळं दोन वाक्यांत सांगता येतं. "आजी, चिठ्ठी उचलल्यासारखं ठरणार, निम्म्या लोकांना नवीन गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली मिळाली ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही, म्हणजे कुणाच्या मनाचे खेळ मध्ये येणार नाहीत." झालं! (ते "दोन हात" म्हणजे हे दोन गट.) माझ्या आईला चिठ्ठी कळते, वीस वर्षं भिशी चालवलीय तिने. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांत स्पष्ट आहे की माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यायची. आणि हा फॉर्म एथिक्स कमिटीने, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणाऱ्या समितीने, पास केलेला असतो, त्या कमिटीत किमान सात माणसं लागतात, आणि त्यात मुद्दाम एक साधा माणूस ठेवायचा असतो, डॉक्टर नसलेला, आपल्यातला. तो कशासाठी ठेवलाय? याचसाठी ना? "थांबा, हात म्हणजे काय, मला नाही कळलं" एवढं एक वाक्य बोलायला. मग तो बोलला का नाही? का त्या एकतीस पानांवर त्यानेही पेन्सिलच्या फुल्या बघून सही ठोकली? कोट्यवधी रुपयांची ट्रायल, गोळीच्या पाकिटावर बारकोड, रक्ताच्या बाटल्या बर्फात घालून विमानाने जातात, आणि मराठीसाठी मात्र कुणाच्या तरी भाच्याने मशीनमध्ये घालून काढलेला मजकूर. असो. शांत होते. सल्ला द्यायला बसलेय ना मी.

दुसरा सल्ला, प्रश्न विचारू नका, ओपीडी लांबते.

तिसरा, सही केलेल्या फॉर्मची प्रत मागू नका. ती देणं नियमाने सक्तीचं असल्यामुळे त्या दिवशी झेरॉक्स मशीन बंद असतं.

व्हिडिओ काढतील तेव्हा नीट पदर घेऊन बसायचं. ही आपल्या सुप्रीम कोर्टाची कृपा. इंदूरच्या लोकांनी २०१२ मध्ये याचिका केली, कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं की संमती घेतानाचं शूटिंग करा, मग २०१५ मध्ये सरकारने ते आखडून ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा लोकांपुरतं, आणि तेही अगदी नव्या औषधांपुरतं ठेवलं. आई कुठल्या खणात बसली कोण जाणे, पण कॅमेरा लागला. शूटिंगचा हेतू असा की पेशंटला समजलंय का ते दिसावं. प्रत्यक्षात काय, "आजी, कॅमेऱ्याकडे बघा, मी विचारलं की फक्त हो म्हणा." आईने सात वेळा हो म्हटलं. लग्नात सुद्धा तिला इतक्या वेळा कुणी विचारलं नव्हतं.

सही करायला पेशंटच पाहिजे असा हट्टही धरू नका. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस दिली, तेव्हा कितीतरी संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लशीत दोष होता की नव्हता हा वेगळा प्रश्न, लस चांगलीच आहे, पण सह्यांवरून संसदेच्या समितीने २०१३ मध्ये चांगलं झोडपलं. एवढ्याशा गोष्टीवरून! सही ती सही.

नातेवाइकांना सांगताना मात्र जपून. मी मामाला फोनवर सांगितलं, तर मामा अर्धा मिनिट गप्प, मग "म्हणजे तू आमच्या ताईला उंदीर केलंस". मामा स्वतः गेली चार वर्षं नाशिकहून कुरिअरने येणारी एक काळी पावडर घेतो. डब्यावर ना कंपनीचं नाव, ना काय घातलंय ते. डोस चमच्याने, आणि चमचा कुठला, तर हातात येईल तो. त्या पावडरची ट्रायल झालीय का असं विचारलं तर म्हणतो, "ट्रायल कशाला, शेजारच्या काकांना गुण आला." म्हणजे मामा, उंदीर तूच, फरक इतकाच की तुझ्या पिंजऱ्याबाहेर वही घेऊन कुणी बसलेलं नाही आणि पैसेही तूच भरतोस. (हे त्याला बोलले नाही. रक्षाबंधन जवळ होतं.)

हां, आणि आपली किंमत माहीत असू द्या. ट्रायलमुळे मृत्यू झाला असं ठरलं तर भरपाईचा फॉर्म्युला आहे. पायाभूत ८ लाख, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वयाचा आकडा १६ वर्षांपर्यंत २२८.५४, पासष्टीला पोचलात की ९९.३७. जोखमीचा आकडा ०.५ ते ४, जितके जास्त आजारी तितका तो लहान. म्हणजे धडधाकट पोरगा गेला तर ७३.६ लाख, आणि पासष्टीपुढचा, तसाही सहा महिन्यांचा सोबती गेला तर ४ लाख. तीस दिवसांत जायची शक्यता ९० टक्क्यांवर असेल तर सरसकट २ लाख. मी बाकड्यावर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आईचा हिशेब केला. आई शेजारी डब्यातली पोळी खात होती. आकडा सांगत नाही.

आता चेष्टा बाजूला ठेवून म्हणते, हा फॉर्म्युला आहे हे चांगलंच आहे, पूर्वी तेवढंही नव्हतं. इजा झाली तर उपचार फुकट, गंभीर काही घडलं तर चोवीस तासांत कळवायचं, हे सगळं नियमात आहे. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणीही सक्तीची आहे, कुणीही उघडून बघावी. उघडली मी. सगळी इंग्रजीत.

तर मंगळवार. ट्रायल संपून सव्वा वर्ष झालं. आठही व्हिजिटा आईने केल्या, एकदा भर पावसात दोन बस बदलून, ओल्या साडीत एसीत तासभर बसून. पायाच्या आगीला दहापैकी किती मार्क ते रोज रात्री लिहायचं होतं, तर तिने त्यांची डायरी भरलीच, वर स्वतःची एक दोनशेपानी वही केली. पहिल्या पानावर श्री, मग तारखा. ८. ८. ७. ८. तिसऱ्या महिन्यात ५. मग ४. एका ओळीत नुसतं "आज झोपले".

आणि मग ट्रायल संपली, उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतल्या, टाटा बाय बाय. आता वहीत परत ७ आहेत.

आईचं म्हणणं इतकंच, मला खरी गोळी होती की खोटी, तेवढं विचारून ये. म्हणून गेले. ती को-ऑर्डिनेटर सोडून गेलेली. नव्या मुलाने फाइल नंबर विचारला, फाइल आर्काइव्हला. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, दीड तास थांबले, ते म्हणाले ते स्पॉन्सरकडे, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीकडे असतं, स्पॉन्सरकडून आलं की कळवू. कधी येईल? "मॅडम, तुम्हाला काय फरक पडतो आता?"

काय फरक पडतो?

अहो, फरक पडतो. सल्लेबिल्ले गेले खड्ड्यात. डॉक्टरसाहेब, तुम्हाला "विषय" सापडत नव्हते तेव्हा आठवड्याला तीन फोन होते, "आजी, मंगळवारी उपाशीपोटी या हं", "आजी, डायरी विसरू नका हं". तेव्हा आजी. आता आर्काइव्ह. जगभरातले डॉक्टर १९६४ पासून माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीसाठी ज्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्याचा हवाला देतात त्यात लिहिलंय की भाग घेतलेल्या माणसाला निकाल कळवायची सोय पाहिजे, २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून "विषय" हा शब्दच काढला आणि "सहभागी" केला. तुमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय तो, मी दीड तास त्याच्यासमोर बसले होते.

आणि मला ट्रायलविरोधी ठरवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी १९९३ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना घरी जाऊन बाळ सांभाळायला शिकवलं आणि ४७ गावांत नेहमीसारखं चालू ठेवून तुलना केली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, त्यातनंच पुढे देशभर आशाताई घरोघरी बाळ बघायला जायला लागल्या. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं भुलीचं इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांनी ९०.१ टक्के बायका जगतात, न दिलेल्यांत ८६.४. स्वस्तातलं, जुनं इंजेक्शन. सुमारे १६०० बायका होत्या त्यात. आणि निम्म्यांना ते इंजेक्शन मिळालं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्या निम्म्या नसत्या तर हा आकडा निघालाच नसता. आईला बिनऔषधाची गोळी मिळाली असेल तर काही म्हणणं नाही आमचं. तिला सांगितलंत तर ती म्हणेल, बरं झालं, कुणाच्या तरी कामी आले. पण सांगाल तर ना! सहा महिने शरीर दिलं तिने तुम्हाला, उधार. एक ओळीचं पत्र लिहायला काय होतं? मराठी येत नसेल तर मला सांगा, मी लिहून देते, फुकट, पाचशेही नकोत.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही. मोबाइल घेताना दुकानदाराचा तासभर जीव खाता, आणि आईबापाच्या अंगात काय जाणारे ते विचारायला लाजता, "डॉक्टरांना राग येईल". येऊ दे. मीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या तीन फुल्यांवर आईने सही केली तेव्हा पेन मीच उघडून दिलं होतं.

काल रात्री आईने वही काढली, तिसऱ्या महिन्याचं पान उघडून मला दाखवलं. "हे बघ, इथनं कमी झालंय. खोटी गोळी असती तर कसं कमी झालं असतं? आणि खरी असेल तर मग आता कुठे मिळते ती, विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. येत्या मंगळवारी परत जातेय.