अजिंठ्याच्या व्हिजिटर सेंटरचं लाइट बिल

जिल्हा वार्षिक योजनेतून अमुक तालुक्यात पर्यटन माहिती केंद्राला एवढे कोटी मंजूर, अशी बातमी आली की आपल्या ग्रुपवर लगेच टाळ्यांचे इमोजी सुरू होतात, चौकात बॅनर लागतो. मला मात्र पहिला प्रश्न पडतो की महिन्याचं लाइट बिल कोण भरणार? खोडी काढायची म्हणून विचारत नाहीये. फर्दापूरच्या टी पॉइंटला जाऊन या, मग कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अजिंठा लेणीच्या अलीकडे ४ किलोमीटरवर गाड्या थांबवतात, तिथून पुढे एसटीच्या बसने जायचं. धूर आणि गर्दी लेणीपासून लांब राहावी म्हणून केलेली ही सोय, आणि ती चांगलीच आहे. याच टी पॉइंटजवळ जपानच्या कर्जातून एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, भलंमोठं व्हिजिटर सेंटर उभं केलं. १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांच्या प्रतिकृती, ऑडिटोरियम, उपाहारगृह, सगळं. २०१३ साली उघडलं. आणि पाच-सहा वर्षांच्या आतच पाणी आणि विजेची बिलं थकली, कनेक्शन तुटलं, कुलूप लागलं. पुन्हा सुरू करायच्या बातम्या अधूनमधून येत राहिल्या.

मला याचा राग येतो कारण कल्पना अतिशय चांगली होती. अजिंठ्याची चित्रं नाजूक आहेत, माणसांच्या श्वासातली वाफ, उष्णता, प्रकाश या सगळ्याचा त्यांना त्रास होतो. लोकांनी आधी प्रतिकृतीत निवांत बसून चित्रांतल्या जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी) समजून घ्यायच्या आणि मग मूळ लेणीत थोडाच वेळ थांबायचं, असा हिशोब होता. फ्रान्समधल्या लास्को या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेत हेच केलं, मूळ गुहा १९६३ मध्ये पर्यटकांना बंद केली आणि १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उघडली, लोक आजही तिथे जातात. १९८३ मध्येच आपलं अजिंठा जागतिक वारसा यादीत गेलं. म्हणजे आपल्याला शिकायला वेळ भरपूर होता.

आता चुकतं कुठे ते बघा. आपल्याकडे पैसा येतो तो बांधकामाला. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, मार्चएंडच्या आत बिल काढायचं, फीत कापायची. इथपर्यंत सगळ्यांना उत्साह असतो, कारण प्रत्येकाचं काहीतरी काम होत असतं. त्यानंतर तिथे काउंटरवर बसणाऱ्या मुलीचा पगार, सफाई, पाण्याची मोटर, प्रोजेक्टरचा बल्ब, याला बजेटमध्ये लेखाशीर्षच (खर्चाचं खातंच) नसतं! मग ती वास्तू ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करा असं पत्र येतं. ग्रामपंचायतीचं उत्पन्न काय, तर घरपट्टी आणि पाणीपट्टी, तीही अर्धी थकलेली. केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, तो दुसरीकडे वापरता येत नाही. उरलेल्यात गावाने गटार करायची की पर्यटकांच्या एसीचं बिल भरायचं? सरपंच कोणत्याही पक्षाचा असू द्या, तो गटारच करणार आणि त्याने तेच करावं.

बरं, लेणीचं तिकीट भारतीय माणसाला ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये, ते जातं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. खात्यालाही लेणी जपायला खर्च आहे, मान्य. पण पर्यटकांचा कचरा, ट्रॅफिक, पाण्याचा ताण हे फर्दापूरने आणि आजूबाजूच्या गावांनी सोसायचं आणि तिकिटातला ठरलेला वाटा गावाला हक्काने मिळणार नाही, हे मला पटत नाही.

प्रसिद्धीचंही तसंच. वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, मोठे कलाकार येतात, मला आवडतो तो, बंद करा असं अजिबात म्हणणं नाही. पण तो होतो संभाजीनगरात, सोनेरी महालाला, अजिंठ्यापासून १०० किलोमीटरवर. त्या दोन-तीन रात्रींवर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग वर्षभर टी पॉइंटला एक माहितीचा काउंटर नीट चालवायला दिला तर काय होईल याचा विचार करा.

कारण आज पर्यटक सकाळी संभाजीनगरहून किंवा जळगावहून येतो, लेणी बघतो, चहा पितो, एखादा रंगीत दगड घेतो आणि संध्याकाळी परत. त्याला कुणी सांगतच नाही की जवळच सोयगावला वेताळवाडीचा किल्ला आहे, जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहे, पलीकडे गौताळ्याचं अभयारण्य आणि पितळखोरा आहे. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार १८४४ मध्ये इथे आला, वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला करत बसला आणि त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची इथली सोबतीण पारो, तिची कबर अजिंठा गावात आहे, त्याची स्वतःची भुसावळला. ही गोष्ट ऐकल्यावर कोण थांबणार नाही? पर्यटक एक मुक्काम वाढवतो तेव्हा खानावळ चालते, रिक्षा चालते, गावातल्या पोराला गाइडचं काम मिळतं. माहिती केंद्राचं खरं काम हे आहे, आणि त्याला ऑडिटोरियम लागत नाही. दोन खोल्या, स्वच्छ संडास, चांगला नकाशा आणि मराठी-हिंदी-इंग्रजी बोलणारी दोन स्थानिक पोरं पुरतात.

काही जण म्हणतील की गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तुम्हाला पर्यटनाचं पडलंय. प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच म्हणतो, गावाच्या खिशातून नको, पर्यटकाकडून घ्या आणि तिथेच खर्च करा. साताऱ्याजवळ कास पठारावर हे झालंय. आसपासच्या गावांची समिती वनखात्यासोबत प्रवेश शुल्क घेते, ऑनलाइन बुकिंग आहे, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे आणि फुलांच्या हंगामात गावातल्याच मुलामुलींना काम मिळतं. तिथेही कटकटी आहेत, कुंपणावरून वाद झाले, पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे गावाला माहीत असतं.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. जिल्हा नियोजन समितीने पर्यटनाच्या कुठल्याही इमारतीला मंजुरी देताना पुढच्या १० वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि तो कोण देणार हे त्याच प्रस्तावात लिहून घ्यावं. ते नसेल तर पालकमंत्र्यांनी फाइल परत पाठवावी. दुसरं, टी पॉइंटवर पर्यटकांकडून जे शुल्क घेतलं जातं त्यातला वाटा थेट त्या गावांना मिळावा आणि त्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. नवीन इमारतीची घोषणा करण्याआधी जुनीचं कुलूप काढा, एवढंच सुरुवातीला झालं तरी पुष्कळ.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फर्दापूर, अजिंठा आणि सोयगाव भागातल्या लोकांनी हा ठराव मांडावा अशी माझी विनंती आहे. मसुदा करून द्यायला मी तयार आहे, ज्यांना हवाय त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.