सुजेचा ‘मास्टर स्विच’ हळदीच्या पाण्याने बंद होत नाही, आणि पूर्ण बंद व्हायलाही नको

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, हास्यक्लबांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: शरीरात एनएफ-कप्पा-बी नावाचा सुजेचा ‘मास्टर स्विच’ सापडला आहे आणि संधिवातापासून कर्करोगापर्यंत सगळं त्यातूनच होतं. रोज सकाळी हळद-मिरपूड घातलेलं गरम पाणी प्यायलं की तो बंद होतो, शिवाय इम्युनिटी वाढते. अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं ते याचसाठी. तीन महिन्यांनी संधिवाताच्या गोळ्या बंद करा.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. पण वाचक तिथपर्यंत ज्या पायऱ्यांनी पोचतो त्या तपासायलाच हव्यात, कारण त्यातली पहिली पायरी खरी आहे.

एनएफ-कप्पा-बी खरंच आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये त्याची ओळख पटवली. एरवी हे प्रथिन पेशीद्रवात आयकप्पाबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. जिवाणूचा अंश किंवा टीएनएफसारखा रासायनिक निरोप पेशीच्या रिसेप्टरवर आला की आयकेके हे एन्झाइम आयकप्पाबीवर फॉस्फेटची खूण करतं. खूण झालेलं आयकप्पाबी पेशी मोडीत काढते आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून शेकडो जनुकं चालू करतं. सूज वाढवणाऱ्या टीएनएफ आणि आयएल-६ची जनुकं त्यात आहेत. आणि आयकप्पाबीचं जनुकही त्यातच आहे. म्हणजे हा मार्ग चालू होतानाच स्वतःला आवरण्याची सोय करतो. निरोप येतच राहिला तर एनएफ-कप्पा-बी साधारण १०० मिनिटांच्या अंतराने केंद्रकात आत-बाहेर करत राहतं, आणि हे किती वेळ चालतं यावर कोणती जनुकं जागी होणार हे अवलंबून असतं. मला ही रचना आजही थक्क करते. तिला बटण म्हटलं की तिच्यातलं सगळं महत्त्वाचं हातातून निसटतं.

बरं, ‘बंद केला तर रोग जातील’ हे तरी? ते करून पाहिलेलं आहे. एनएफ-कप्पा-बीचा मुख्य घटक, पी-६५, जनुकातूनच काढून टाकलेले उंदीर १९९५ मध्ये तयार केले गेले. ते जन्मालाच आले नाहीत. गर्भातच त्यांच्या यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या, कारण टीएनएफच्या माऱ्यात यकृताच्या पेशीला जिवंत ठेवण्याचं काम हाच मार्ग करतो. आयकेके रोखणारी औषधं बनवायचे प्रयत्नही औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षं केले, आणि दुष्परिणामांपाशीच ते पुन्हा पुन्हा अडले.

माणसांतला पुरावा आणखी बोलका आहे. काही मुलं जन्मतःच आयआरएके-४ या प्रथिनाशिवाय असतात. जंतूची वर्दी एनएफ-कप्पा-बीपर्यंत पोचवणाऱ्या साखळीतली ही एक कडी. या मुलांना न्युमोकॉकससारख्या जिवाणूंचे जीवघेणे संसर्ग लहानपणीच होतात, आणि तेव्हाही ताप किंवा सूज फारशी दिसत नाही. सूज नसणं हे त्यांच्यासाठी आरोग्य नाही, संकट आहे.

इथेच संदेशातली मोठी विसंगती उघडी पडते. एनएफ-कप्पा-बी बंद करायचं आणि त्याच घोटाने इम्युनिटी वाढवायची, या दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत. दाह, म्हणजे ही सूज, हा प्रतिकारशक्तीचाच भाग आहे. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं १९९० च्या दशकाच्या शेवटी आली आणि अनेकांचे आखडलेले हात पुन्हा चालू लागले. पण २००१ पर्यंत ध्यानात आलं की काही रुग्णांमध्ये शरीरात दबून राहिलेला क्षयरोग उसळून येतो, कारण फुप्फुसात क्षयाच्या जंतूला वेढा घालून ठेवायला टीएनएफ लागतो. आपल्याकडे क्षयाचं प्रमाण पाहता ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दबलेल्या क्षयाची चाचणी करतात, ती म्हणूनच.

‘इम्युनिटी जितकी जास्त तितकी चांगली’ हे गृहीतक तर पुणेकरांनी तरी आता सोडायला हवं. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, पुण्याजवळचं नांदेड गाव या भागात गुलियन-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि रुग्णांची संख्या २०० च्या आसपास गेली. अनेकांमध्ये आधी पोटाचा संसर्ग झाला होता, आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू तपासण्यांत सापडला. या जिवाणूच्या आवरणावरच्या काही साखरा आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळत्याजुळत्या असतात. म्हणून जिवाणूविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी मज्जातंतूंवरच तुटून पडतात. त्या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती. ती चुकीच्या जागी वळली होती. आणखी एक गोष्ट: स्टिरॉइड अनेक आजारांत दाह दाबतात, पण गुलियन-बारेमध्ये त्यांचा उपयोग होत नाही. तिथे इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) देणं किंवा प्लाझ्मा बदलणं हेच उपचार.

मुद्दा वेळेचाही आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. औषध तेच, विषाणू तोच, आजाराचा टप्पा वेगळा.

आता हळद. हळदीतलं करक्युमिन हे रसायन एनएफ-कप्पा-बीला रोखतं हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर १९९० च्या दशकात दाखवलं गेलं. त्या विषयावर सर्वाधिक लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक, टेक्सासमधले भरत अगरवाल, यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले, हेही वाचकाला कळायला हवं. पण ते बाजूला ठेवून साधा हिशोब करू. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. चहाचा चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ते सुमारे ९० मिलिग्रॅम भरतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते एकतर सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. मिऱ्यातलं पायपेरीन सोबत दिल्यावर प्रमाण २० पट वाढलं, आणि संदेशातला मिरपुडीचा चिमटा इथूनच आलेला आहे. पण नगण्याची २० पट म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशींवर ओतलेलं प्रमाण नव्हे.

पायपेरीन हे साधतं ते यकृतात औषधं निकामी होण्याची क्रिया मंदावून, आणि तसं करताना ते फक्त हळदीपुरतं थांबत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन आणि रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल यांची रक्तातली पातळी त्याने वाढते. आमटीतल्या मिऱ्याने घाबरायचं कारण नाही. हळद आणि पायपेरीनच्या दमदार कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. त्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गुडघ्याच्या झिजेमध्ये करक्युमिनच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी झाल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलं आहे. ते मी नाकारत नाही. पण झिजेचा गुडघा आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्यात प्रतिकारशक्ती सांध्यांवरच उलटते, हे निराळे आजार आहेत.

पेटंटचा मुद्दा पटकन संपतो. अमेरिकेतलं ते पेटंट जखमेवर हळद वापरण्याबद्दल होतं. एके काळी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) संचालक असलेले रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख असताना त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं, कारण हे ज्ञान नवं नव्हतं. हळदीने संधिवात बरा होतो की नाही, हा प्रश्न त्या प्रकरणात कुणी विचारलाच नव्हता.

राहिल्या गोळ्या. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट दिलं जातं, आठवड्यातून एकदा, जोडीला फोलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या. ते बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आणि म्हणूनच हा संदेश फसवा ठरतो. पहिले काही आठवडे बरे जातात आणि श्रेय हळदीच्या पाण्याला मिळतं. मग सकाळचा आखडलेपणा परततो. सांध्याच्या आत सूज चालू राहिली की हाड कुरतडलं जातं, आणि कुरतडलेलं हाड गोळ्या पुन्हा सुरू करून भरून येत नाही.

घरातल्या कुणी आधीच गोळ्या सोडल्या असतील तर त्यांच्यावर रागावू नका. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख आणि सध्या घेत असलेल्या कॅप्सूलची बाटली घेऊन याच आठवड्यात संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने, रोज किंवा दुप्पट, सुरू करू नका. आठवड्याचं मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेल्याने माणसं दगावली आहेत.