कळ दाबावी आणि कळ सोसावी

गेल्या मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्या. मी त्या दाबल्या हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, कारण तो निर्णय माझ्या डाव्या हाताने परस्पर घेतला होता. दर दोन वाक्यांनंतर मजकूर सेव्ह करायची सवय ज्या हाताला २० वर्षे लागलेली आहे, तो हात डोक्याच्या संमतीची वाट पाहत नाही. दुर्दैवाने त्या क्षणी माझ्यापुढे लेखनाची खिडकी नव्हती. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे लांबच्या यंत्राशी जोडून देणाऱ्या सुरक्षित दुव्याने, उघडलेले टर्मिनल, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी खिडकी होती, आणि त्यात सकाळी नऊपासून डेटाबेसमध्ये नोंदी भरण्याचे काम चालू होते. ९१ टक्के काम झाले होते. माझ्या डाव्या हाताची कृपा झाली आणि ते आकडे होते तिथे थिजले.

थिजलेल्या टर्मिनलचे वैशिष्ट्य असे, की ते तुटलेल्या टर्मिनलसारखेच हुबेहूब दिसते. जोडणी गेली, सर्व्हर बंद पडला, काम अडकले किंवा तुम्हीच काहीतरी करून ठेवले, या चारही प्रसंगी पडद्यावरचा देखावा एकच असतो. मी एंटर दाबला, पुन्हा एंटर दाबला, मग बोट न उचलता एंटर दाबून धरला. त्याचा काही उपयोग होणार नाही हे माहीत असूनही लिफ्टचे बटण आपण पाच वेळा दाबतोच. शेवटी मी हेल्पडेस्कला फोन लावला.

फोनवर आलेला मुलगा अतिशय नम्र होता, आणि हे मी त्याच्या विरोधातले पहिले विधान म्हणून नोंदवतो.

"सर, कीबोर्ड वायरचा आहे की वायरलेस?"

"लॅपटॉपचाच आहे."

"म्हणजे वायरलेस," असे म्हणून त्याने ते लिहून घेतले. "आता नोटपॅड उघडून ए पासून झेडपर्यंत टाइप करा."

मी २६ अक्षरे टाइप केली. वयाच्या या टप्प्यावर कुणीतरी आपल्याकडून मुळाक्षरे गिरवून घेत आहे, ही भावना मी गिळली.

"सगळी आली का सर?"

"आली."

"मग कीबोर्ड व्यवस्थित आहे. तिकीट बंद करू?"

"अहो, कीबोर्डची तक्रारच नाही माझी. टर्मिनलमध्ये कुठलीच कळ चालत नाहीये."

"कोणती कळ चालत नाही सर?"

"एकही नाही."

काही क्षण शांतता पसरली. "सर, 'एकही नाही' असा पर्याय इथे नाहीये. एक कळ निवडावी लागेल."

"बरं. स्पेसबार लिहा."

"स्पेसबार," तो समाधानाने म्हणाला. तिकिटाला, म्हणजे माझ्या तक्रारीच्या नोंदीला, विषय मिळाला होता. आता या क्षणापुढे जे काही घडले, ते अधिकृतरीत्या माझ्या स्पेसबारच्या दुरुस्तीसाठी घडले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग त्याने माझ्या यंत्राचा ताबा घेतला. माझा माउस आपोआप हलू लागला. आपल्या घरात पाहुण्याने स्वतःहून कपाटे उघडावीत तसे ते दृश्य असते. आपण हात मांडीवर ठेवून पाहत राहायचे. "आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजर बघतो," असे तो म्हणाला आणि एकाएकी गप्प झाला. माझ्या पडद्यावर काहीच घडले नाही. अर्ध्या मिनिटाने त्याचा आवाज आला, "सर, माझीच स्क्रीन निळी झाली."

यात त्याचा दोष नव्हता, आणि या एका बाबतीत मी त्याची बाजू घेण्यास तयार आहे. ती त्रिकुटी ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते आणि ती पलीकडे जाण्यापूर्वीच अलीकडचे यंत्र ती गिळते. म्हणून तर मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पलीकडे तोच संदेश पाठवायला डिलीटऐवजी एंडची कळ वापरावी लागते. मुळात दूरवर पाठवलेली प्रत्येक कळ ही वाटेत दहा जण हात पुढे करून उभे असलेल्या रस्त्याने जाते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या टर्मिनलात तुम्ही चुकलेला शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबता, कारण शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलातल्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्याने मागचा एक शब्द जातो. पण ती कळ शेलपर्यंत पोचतच नाही, ब्राउझर ती मध्येच झेलतो आणि अख्खा टॅब मिटतो. तुम्हाला एक शब्द नको होता, त्याने तुमचे सगळेच बोलणे बंद केले. ब्राउझरच्या तावडीतून सुटलेली कळ एसएसएचच्या हाती लागते, आणि तिथेही नव्या ओळीच्या सुरुवातीला टिल्ड हे नागमोडी चिन्ह आणि मग टिंब टाइप केले, तर ती अक्षरे सर्व्हरला न मिळता जोडणीच तुटते. त्यापुढे टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम असेल तर कंट्रोल-बी त्याची. त्याचा स्क्रीन नावाचा भाऊबंद असेल तर कंट्रोल-ए त्याची, मग ओळीच्या सुरुवातीला जाण्यासाठी तुम्ही आयुष्यभर तीच वापरत आला असलात तरी. आणि टीमक्समधून दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन तिथेही टीमक्स उघडले असेल, तर आतल्याला हाक मारण्यासाठी कंट्रोल-बी दोनदा दाबावी लागते, एकदा दाबली तर बाहेरचाच "काय हवंय?" म्हणून पुढे येतो. एकत्र कुटुंबात धाकट्याशी बोलायला आधी थोरल्याची परवानगी लागते तसेच हे आहे. इतक्या हातांतून जाऊनही बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर खोडले जाते हीच नवलाची गोष्ट म्हणायला हवी, कारण काही टर्मिनले त्या कळीसाठी ८ हा आकडा पाठवतात, काही १२७ पाठवतात, आणि दोघांचे न जमल्यास खोडण्याऐवजी पडद्यावर टोपीचे चिन्ह आणि एच यांची रांग लागते.

असो. मुलगा निळ्या पडद्यातून परतला आणि त्याची नजर माझ्या थिजलेल्या टर्मिनलवर गेली. तिथे टक्केवारीच्या शेजारी टोपीचे चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल ए, अशी चार अक्षरांची जुडी तीन वेळा उमटली होती.

"सर, हे कोणी टाइप केलं?"

"मीच. म्हणजे टाइप नाही केलं, वरच्या बाणाची कळ दाबली." काम संपायची वाट पाहताना मी चाळा म्हणून ती कळ दाबली होती.

"बाणाची कळ दाबल्यावर चौकोनी कंस कसे येतील सर?"

आता हे फोनवर कसे समजवायचे? बाण म्हणून असे एखादे अक्षर नाहीच. बाण दाबला की टर्मिनल तीन अक्षरे पाठवते: एक एस्केप, एक चौकोनी कंस आणि एक ए. ही रीत १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या घराण्यातून आजपर्यंत चालत आली आहे. समोरच्या प्रोग्रॅमला ती जुडी ओळखता आली तर बाण चालतो. ओळखणारे कुणी नसले, म्हणजे माझ्या नोंदींसारखे काम पुढ्यात चालू असले, तर ती अक्षरे नुसती पडद्यावर येऊन पडतात, आणि त्यातला एस्केप टोपी आणि चौकोनी कंस अशा वेषात दिसतो. मी यातले शक्य तितके सांगितले. त्याने ते सगळे ऐकून घेतले आणि आदराने विचारले, "म्हणजे व्हायरस नाही ना सर?"

"नाही."

"तरीपण पुरावा म्हणून तिकिटात टाकतो." माझा माउस त्या जुडीवर फिरला, अक्षरे निवडली गेली, आणि तो पुढे काय करणार हे माझ्या ध्यानात आले. मी "नको, नको, ती कळ नको!" असे ओरडलो. एखादी वस्तू खाली पडताना आपण जसे ओरडतो, तसे ते ओरडणे होते. त्याने वस्तू थांबत नाही.

त्याने कॉपी करण्यासाठी कंट्रोल-सी दाबली.

साऱ्या जगात कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू कामाचा गळा घोटणे. माझ्या टर्मिनलात कॉपीसाठी सोबत शिफ्टही दाबावी लागते. ती एक शिफ्ट राहिली आणि साडेचार तासांचे काम गेले. सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे टिकल्या तर सगळ्या नाहीतर एकही नाही अशा बोलीवर, भरल्या जात होत्या, त्यामुळे ९१ टक्क्यांचे रातोरात नव्हे तर क्षणार्धात शून्य टक्के झाले. आणि याहून संतापजनक भाग म्हणजे कंट्रोल-सीने थिजलेले टर्मिनलही मोकळे होते. पडदा हलला, कर्सर लुकलुकू लागला, आज्ञेची ओळ प्रकटली.

"बघा सर," तो मनापासून आनंदाने म्हणाला, "चालू झालं!"

संध्याकाळी मी ही हकीकत एका जुन्या सहकाऱ्याला सांगितली. त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. "एस दाबला असशील. क्यू दाबायचा." एवढेच. साडेचार तासांचे मरण एका अक्षराने टळले असते. काम मेलेले नव्हतेच. त्याला बोलायला मनाई केली होती म्हणून पुढची ओळ तोंडात धरून ते आज्ञाधारकपणे उभे होते, आणि आम्ही त्याला 'प्रतिसाद देत नाही' म्हणून संपवले.

या मनाईचा उगम शोधल्यावर तर रागाला नीट पत्ताच सापडेना. १९६३ साली आलेल्या मॉडेल ३३ टेलिटाइपवर सेकंदाला १० अक्षरे छापली जात आणि त्याच्या बाजूला छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वाचणारे यंत्र असे. तारेच्या पलीकडून ती पट्टी थांबवायला एक संकेत लागे आणि पुन्हा चालू करायला दुसरा. थांबण्याचा संकेत १९ क्रमांकाचा, चालू होण्याचा १७ क्रमांकाचा. एस हे रोमन लिपीतले एकोणिसावे अक्षर आणि क्यू सतरावे, आणि कंट्रोलची कळ अक्षराचे रूपांतर त्याच्या अनुक्रमांकात करते, म्हणून एस आणि क्यू. याच हिशोबाने कंट्रोल-आय म्हणजे टॅब आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटर होतो, त्यामुळे त्यांना वेगळे शॉर्टकट लावण्याची हौस असलेले लोक माझ्याप्रमाणे एक अख्खी संध्याकाळ वाया घालवतात. कागदी पट्टी गेली, टेलिटाइप गेला, तो वापरणारे निवृत्त झाले. पण पट्टी थांबवण्याची सोय मात्र नव्याकोऱ्या सर्व्हरवरही मुळातच चालू असते. बरे, थांबवले तर थांबवले, पण तसे सांगायला काय हरकत आहे? 'थांबवले आहे, क्यू दाबा' एवढी ओळ पडद्याच्या तळाशी आली असती तर कुणाचे काय बिघडले असते? ज्या यंत्राला मी पासवर्डचे एक अक्षर चुकलो की लगेच सांगावेसे वाटते, त्याला इथेच कसला संकोच? विनोद बाजूला ठेवून सांगतो, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी ज्याला कळले त्याने एकच सल्ला दिला: "टीमक्समध्ये चालवायचं ना!" टीमक्स जोडणी तुटल्यावर वाचवते, आतमध्ये कुणी कंट्रोल-सी दाबली तर ते ती कळ निमूटपणे पोचवते. हे मी पहिल्या तिघांना समजावले आणि नंतर "हो, चुकलंच" म्हणू लागलो. खरे तर काम पार्श्वभूमीवर सोडून त्याचे बोलणे एखाद्या फाइलीत लिहायला लावणे, म्हणजे माझ्या दोन्ही हातांपासून ते दूर ठेवणे, एवढेच करायला हवे होते. आता मी प्रत्येक सर्व्हरवर बॅश या शेलच्या आरंभाच्या फाइलीत एसटीटीवाय ही आज्ञा उणे आयएक्सऑन या पर्यायासह लिहून ठेवली आहे, त्यामुळे कंट्रोल-एसची ती मनाईच बंद झाली, आणि मग असे लक्षात आले, की कंट्रोल-आरने जुन्या आज्ञा मागे शोधता येतात तशा कंट्रोल-एसने पुढे शोधता येतात. ही सोय तिथे वर्षानुवर्षे बसून होती, फक्त तिच्यापर्यंत कळ कधी पोचलीच नव्हती.

हेल्पडेस्कचे तिकीट मात्र त्याच दुपारी बंद झाले होते. 'समस्या: स्पेसबार. उपाय: कॉपी केल्यावर पूर्ववत.' सोबत अभिप्रायाचा दुवा होता. तो मी शुक्रवारी उघडला आणि एका चौकटीत पाऊण तास खर्चून सविस्तर निवेदन लिहिले: एस काय, क्यू काय, कंट्रोल-सीचे दोन अर्थ काय, पर्यायांच्या यादीत 'एकही नाही' का असावे. मुलाचा नम्रपणा मी आवर्जून नमूद केला. चार दिवस टर्मिनलात घालवल्यामुळे माझा डावा हात आता तिथल्या सवयींना चांगलाच रुळला होता. शेवटच्या वाक्यात 'बेजबाबदार' हा शब्द जरा जास्तच वाटला, म्हणून तो खोडायला मी कंट्रोल-डब्ल्यू दाबली.

टॅब मिटला. सोमवारी हेल्पडेस्कची मेल आली: आपला अभिप्राय न मिळाल्यामुळे आपण सेवेबाबत समाधानी आहात असे गृहीत धरण्यात येत आहे.