हिरवं जाकीट दिसलं की साखळी निघते

गेले दोन आठवडे कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मला तो चौघांकडून आला. त्यातल्या दोघांनी खाली ‘तुझं काय म्हणणं यावर?’ असंही जोडलं होतं, कारण मी आमच्या शहराच्या सर्ट पथकात आहे हे त्यांना माहीत आहे. सर्ट म्हणजे कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम. भूकंप, वणवा, पूर असं काही झालं आणि अग्निशमन दल सगळीकडे पोचू शकत नसलं, की आपल्या गल्लीपुरतं काम उचलायचं. त्यासाठी वीसेक तासांचं प्रशिक्षण घेतलेले आम्ही साधे नागरिक, कामावर असताना अंगात शहराचं चिन्ह असलेलं हिरवं जाकीट.

फॉरवर्डचं शीर्षक आहे ‘शेजारधर्मालाही आता पोलिसांचा दाखला!’ आत थोडक्यात असं म्हटलंय: फीमाने, म्हणजे इथल्या केंद्रीय आपत्ती संस्थेने, प्रत्येक सर्ट स्वयंसेवकाला बॅकग्राउंड चेक, म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांची चौकशी, सक्तीचा केलाय. ढिगाऱ्याखालचा माणूस मदतीला आलेल्याचे कागद बघत नाही. पहिला गुन्हा करणाऱ्याचं रेकॉर्ड कोरंच असतं, मग चौकशी करून मिळणार काय? तरुणपणी एकदा अटक झालेला माणूस कायमचा बाद. चौकशीसाठी दिलेले बोटांचे ठसे सरकारकडे राहणार. आणि या सगळ्यामुळे माणसं येणंच बंद होईल.

सक्तीचं आधी निकालात काढतो, ते सोपं आहे. अशी देशव्यापी सक्ती नाही. सर्ट चालवतात त्या स्थानिक यंत्रणा, कुठे अग्निशमन दल तर कुठे शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाचं, ऑफिस. चेक करायचा की नाही, कोणाचा आणि किती खोल, हे त्या ठरवतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शहरांत नियम वेगळे असू शकतात. अनेक ठिकाणी प्रशिक्षणाला कोणीही येऊन बसतं. चौकशी होते ती पथकात नाव घालून ओळखपत्र घेणाऱ्यांची. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा आपल्या शहराचा फॉर्म पाहिला आणि तो अख्ख्या देशाला लावला.

‘ढिगाऱ्याखालचा माणूस कागद बघत नाही’ हा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्यावर जरा जास्त लिहितो.

मुळात सर्टचा जन्मच या वाक्यातून झालाय. १९८५ साली मेक्सिको सिटीच्या भूकंपात रस्त्यावरच्या लोकांनी हातांनी दगडविटा उपसून आठशेच्या आसपास माणसं बाहेर काढली. त्या कामात शंभराच्या घरात मदत करणारेच दगावले, कारण कुठे शिरायचं आणि कुठे नाही हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते पाहून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना शिकवायला सुरुवात केली आणि १९९३ पासून फीमाने तो कार्यक्रम देशभर नेला. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात आग लागली आणि जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनी फुटल्या. तेव्हा फिनिक्स नावाच्या अग्निशमन बोटीने खाडीतलं पाणी ओढलं आणि होज पुढे न्यायला रहिवासी धावले. त्यांना कोणी नाव-गाव विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

तर पहिल्या तासाला शेजारी शेजाऱ्याला ओढून काढतो, त्यात कुठलाही दाखला आड येत नाही आणि येऊही नये. मेसेज लिहिणाऱ्याचा घोटाळा पुढच्या पायरीवर झालाय. त्याने शेजारी आणि जाकीट घातलेला शेजारी हे दोघं एकच धरले.

एक प्रसंग सांगतो. वादळी वाऱ्याने आमच्या भागातली वीज दोन दिवस गेली होती. शहराने आम्हाला एकटं राहणाऱ्या वृद्धांची यादी दिली आणि दारोदार पाठवलं. सर्टमध्ये एकट्याने फिरायचं नसतं, कायम जोडीने. माझ्याबरोबर एक निवृत्त नर्स होत्या. एका दारावर टकटक केल्यावर दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि हातातल्या टॉर्चचा उजेड. टॉर्च आधी माझ्या तोंडावर आला, मग खाली हिरव्या जाकिटावर, आणि साखळी निघाली. आम्ही नावं सांगायच्या आत त्या आजी वाटेतून बाजूला झाल्या होत्या. अंधारात त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून त्यांनी मला वर पाठवलं: डावीकडची खोली, पलंगाशेजारचा दुसरा खण, निळ्या झाकणाची बाटली. खणात बाटलीच्या शेजारी रबरबँड लावलेलं नोटांचं पाकीट होतं, एक अंगठी होती आणि ज्यावर बँकेचा पासवर्ड लिहिलाय असं उघड दिसणारं एक कार्ड होतं. खाली आजी नर्सबाईंना सांगत होत्या की मुलगा दुसऱ्या राज्यात असतो आणि महिन्यातून एकदा येतो.

त्या साखळीचं उत्तर फॉरवर्डमध्ये कुठे आहे? आजी मला ओळखत नव्हत्या. त्यांनी शहराचं चिन्ह ओळखलं. माझ्याबद्दलचा भरवसा त्यांनी माझ्याकडून घेतला नाही, शहराकडून घेतला. मग ते चिन्ह कोणाच्या अंगावर चढतंय हे शहराने आधी बघायला नको? तुम्ही तुमच्या शेजारणीच्या घरात स्वतःच्या ओळखीवर जा, कोण अडवतंय. दुसऱ्याचं नाव लावून परक्याच्या झोपायच्या खोलीत जायचं असेल, तर ज्याचं नाव लावलंय तो चार प्रश्न विचारणारच. यात पैशाचीही बाजू आहे. १९९७ चा केंद्रीय स्वयंसेवक संरक्षण कायदा स्वयंसेवकाला साध्या चुकीच्या दाव्यापासून बरंच वाचवतो, पण ज्या संस्थेने त्याला पाठवलं तिची जबाबदारी तो कमी करत नाही.

आता ‘पहिला गुन्हा करणाऱ्याचं रेकॉर्ड कोरं असतं.’ खरं आहे. याचं याच राज्यातलं उदाहरण मीच देतो. जॉन ऑर हा ग्लेनडेलच्या अग्निशमन दलातला आगींचा तपास करणारा अधिकारी, आणि आगी लावणारा तोच. १९८४ साली साउथ पॅसाडेनातल्या एका दुकानाच्या आगीत चार माणसं गेली, त्याबद्दल १९९८ मध्ये त्याला शिक्षा झाली. नोकरीला लागताना त्याचं पोलीस रेकॉर्ड तपासलं असतं तरी यातलं काही दिसलं नसतं. चेक म्हणजे भविष्य सांगणारा पोपट नव्हे. पण म्हणून ज्यांचा भूतकाळ लिहिलेला आहे तोही वाचायचा नाही?

२०१० साली हैतीत भूकंप झाला. त्यानंतर महिना व्हायच्या आत अमेरिकेतून मदतीला गेलेल्या दहा जणांना तेहतीस मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडलं. ती मुलं अनाथ म्हणून नेली जात होती आणि त्यातल्या बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. पण माझ्या मनात राहिलाय तो पुढचा भाग. या दहा जणांच्या बाजूने वकील म्हणून एक माणूस स्वतःहून धावून आला, टीव्हीवर बोलला, सगळी सूत्रं हातात घेतली. थोड्याच दिवसांत उघड झालं की तो वकील नव्हता आणि एल साल्वाडोरमध्ये माणसांच्या तस्करीच्या प्रकरणात पोलीस त्याला शोधत होते. हे कुठेतरी नोंदलेलं होतं. गडबडीत कोणी विचारलंच नाही. आपत्तीत नेमकं हेच होतं: हात कमी असतात, येईल त्याचे आभार मानले जातात, आणि ‘तू कोण रे बाबा’ हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो.

याच हैतीतून एक उलटा धडाही मिळतो, आणि तो नुसत्या पोलीस रेकॉर्डवर विसंबणाऱ्यांसाठी आहे. ऑक्सफॅम या मदत संस्थेच्या तिथल्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची २०११ मध्ये संस्थेने आतल्या आत चौकशी केली. काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं. त्यातले प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या मदत संस्थेत रुजू झाले. हे सगळं २०१८ मध्ये बाहेर आलं. अशा माणसाचा पोलीस चेक केला असता तर कागद स्वच्छ आला असता. जुन्या संस्थेला फोन करून ‘हे तुमच्याकडून का गेले?’ एवढं विचारणं आणि तिने खरं सांगणं, हाच तिथे चेक. मदत संस्थांनी २०१९ पासून एकमेकींना असं सांगण्याची पद्धत बसवली आहे. आमच्या फॉर्मवर दोन संदर्भांचे फोन नंबर मागतात ते लोकांना फुकटची कटकट वाटते. माझ्या मते फॉर्मवरची सगळ्यात कामाची ओळ तीच, आणि बऱ्याच ठिकाणी ते फोन कोणी लावतच नाही, ही खरी तक्रार व्हायला हवी होती.

अटकेच्या मुद्द्यावर फॉरवर्ड निम्मा बरोबर आहे. इथल्या नोंदींत अटक लगेच चढते, पण खटल्याचं पुढे काय झालं ते बऱ्याचदा चढतच नाही. केंद्रीय न्याय खात्याच्याच २००६ च्या अहवालात म्हटलंय की एफबीआयच्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्यांत अंतिम निकाल नाही. म्हणजे निर्दोष सुटलेला माणूस कागदावर अटकेतच अडकलेला दिसू शकतो. नुसत्या नावावरून शोध घेणाऱ्या स्वस्त वेबसाइट्स तर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतात. एकाच नावाचे किती जण असतात हे आपल्याला कोणी सांगायला नको.

यावर चेकच नको असं म्हणणं मला कळत नाही. चेक नीट करा म्हणा. ठशांवरचा शोध नावावरच्या शोधापेक्षा खूपच पक्का, कारण ठसे सारखे नसतात. खाजगी कंपनीकडून चेक करून नोकरी नाकारायची असेल, तर आधी अहवालाची प्रत त्या माणसाच्या हातात देणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, आणि दोष सिद्ध न झालेली सात वर्षांपूर्वीची अटक साधारणपणे त्या अहवालात घालताच येत नाही. स्वयंसेवकालाही तेवढीच वागणूक द्यावी असा नियम पथकाने लेखी करावा. एकविसाव्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवली, आज पन्नाशी आहे: त्याला पथकाची गाडी देण्याआधी विचार करा, संपर्काच्या रेडिओवर बसवायला काय हरकत आहे? घरफोडी असेल तर जाकीट देताना थांबा. लहान मुलांशी किंवा वृद्धांशी दुर्वर्तन असेल तर नाही म्हणजे नाही, किती वर्षं झाली हे मोजत बसू नका. याच राज्यात २०२२ पासून मुलांच्या संस्थांमध्ये नियमित येणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकांचा ठशांसह चेक कायद्याने लागतो. तेव्हा कोणी फॉरवर्ड फिरवला नव्हता.

ठसे सरकारकडे राहतात, हे खरं. कॅलिफोर्नियाचं न्याय खातं ते ठेवतं आणि पुढे त्या माणसाला अटक झाली तर पथकाला कळवतं. ज्याला ते नको त्याने ठसे देऊ नयेत, त्याचा तो हक्क आहे. आपल्यापैकी व्हिसा आणि ग्रीनकार्डासाठी दहाही बोटं देऊन बसलेल्यांनी या मुद्द्यावर फार आवाज चढवू नये, एवढंच.

राहिलं ‘माणसं येणं बंद होईल.’ चेक वादळाच्या दिवशी सुरू केला तर नक्की होईल. तो शांततेच्या काळात, प्रशिक्षणाबरोबर उरकायचा असतो. आणि ऐन वेळी रस्त्यावरून येऊन ‘मी काय करू?’ विचारणाऱ्यांना परत पाठवायचं नसतं. वाळूची पोती भरणं, पाण्याचे खोके उतरवणं, गाड्या लावून देणं, यादी वाचून दाखवणं, यातल्या कशालाही कोणाच्या घरात जावं लागत नाही.

आमच्याकडे एक सत्तरीचे गृहस्थ आले होते, आयुष्यभर सिमेंटचं काम केलेले. लाइव्ह स्कॅनच्या, म्हणजे ठसे घेणाऱ्या यंत्राच्या, काचेवर बोटं ठेवली तर पडद्यावर नुसते राखाडी ढग, रेषा कधीच्या झिजलेल्या. ऑपरेटरने बोटांना लोशन लावून, एकेक बोट स्वतः धरून, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. ठसे नाकारले गेले. महिनाभराने दुसऱ्यांदा गेले, तेही नाकारले गेले. मग नियमाप्रमाणे नावावरून शोध झाला आणि काम झालं. या सगळ्यात तीन महिने गेले, आणि ते तोंडाने शिव्या देत प्रत्येक सरावाला येत राहिले. तोवर त्यांना पार्किंगवर उभं केलं होतं. मागच्या सरावात त्यांना जाकीट मिळालं, आता नर्सबाईंच्या जोडीला ते असतात.