दिवाळं, पण वेळ घेऊन

बावीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात काढली. न वटलेले चेक, जागेचे दावे, भाऊबंदकी, आणि मधूनमधून एखादा टॉवेलवाला, ज्याचा परगावचा व्यापारी माल उचलून फोन उचलेनासा झालेला. एवढ्या भांडवलावर बरं चाललं होतं. मग ज्युनिअर म्हणाली, "सर, आता सगळे इन्सॉल्व्हन्सी करतात." तिच्या 'सगळे'मध्ये मी नव्हतो, हे लागलं. त्याच रात्री ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले. दिवाळखोरी शिकायला पैसे भरतोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "अहो, ती तर तुम्हाला फुकटात येते."

व्हिडिओ चांगले होते, खोटं कशाला बोलू. २०१६चा दिवाळखोरी संहितेचा कायदा, म्हणजे आयबीसी. कंपनीनं पैसे थकवले की कलम ८ची मागणी नोटीस, दहा दिवस वाट, मग कलम ९खाली मुंबईला एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, अर्ज. पूर्वी लाखाच्या थकबाकीवर जाता यायचं, मार्च २०२०पासून किमान एक कोटी लागतात. अर्ज दाखल करून घेतला की तोडग्याला १८० दिवस, वाढवून ३३०. हे आकडे मी पाढ्यासारखे पाठ केले. आमच्याकडे ३३० दिवसांत कधीकधी समन्सही बजावून होत नाही, त्यामुळे तिथं पोचल्यावर अंमळ भरून आलं.

कोर्ससोबत मेंटॉरची चार सत्रं होती, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांची. मेंटॉर म्हणजे मुंबईचे एक ज्येष्ठ वकील. त्यांना फोन करायचा नाही. लिंक उघडायची, कॅलेंडरमधला हिरवा चौकोन दाबायचा. मी मार्चमधला सकाळी साडेदहाचा दाबला. त्या दिवशी कोट चढवून, खाली लुंगी ठेवून, साडेदहाला लॅपटॉपसमोर बसलो. अकरापर्यंत पडद्यावर मीच होतो, आणि मागं वाळत घातलेली चादर. दुपारी चार वाजता मी कोर्टात मनाई अर्जावर तावातावानं बोलत असताना खिशात मोबाइल थरथरला. मेंटॉर आले होते. साहेब लेकीकडे लंडनला गेले होते आणि त्यांचं कॅलेंडरही त्यांच्याबरोबर गेलं होतं. साडेदहा खरे, पण तिथले.

संध्याकाळी मेल आला: आपण सत्रास अनुपस्थित राहिलात. आमच्या रोजनाम्याच्या भाषेत, वादी पुकारूनही गैरहजर, सबब दावा काढून टाकला. बावीस वर्षांत माझा दावा असा कधी गेला नव्हता.

दुसऱ्या वेळी गणित पक्कं केलं. साडेपाच तास मिळवायचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला तसाच चौकोन घेतला आणि चारला हजर झालो. मेंटॉर तीनला येऊन गेलेले. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्रज आपली घड्याळं तासभर पुढं सरकवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे माणूस सावलीला सरकतो, घड्याळ जागचं हलत नाही.

आता मी पुरता धनको झालो होतो. चार सत्रांचे पैसे आगाऊ, पदरात शून्य. आगाऊ पैसे देणाराही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे मालाचं किंवा सेवेचं येणं असलेला धनको, ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली म्हटलं आहे, हे मी त्यांच्याच व्हिडिओतून शिकलो होतो. मागणी नोटिशीचा मसुदाही मनात झाला. फक्त मेंटॉर कंपनी नव्हते आणि थकबाकी एक कोटीला बरीच कमी होती.

तिसरं सत्र रविवारी दुपारी साडेतीनला ठरलं. ज्युनिअरनं तीनदा तपासलं. नेमका तो पाण्याचा दिवस निघाला. सोलापूरकराला त्यापुढं काही सांगावं लागत नाही. बायको मोटर लावून ओरडत होती, मी कानात हेडफोन घालून पिंपांत पाइप फिरवत होतो, आणि त्यातच माझे जुने पक्षकार, चादरवाले अण्णा, दारातून आत आले. "कुणाशी बोलालाव साहेब?" मी हातानं गप्प बसवलं. पडद्यावर साक्षात मेंटॉर उगवले होते.

वेळ दवडायला नको म्हणून थेट अण्णांचीच केस घातली. बारा माग, सूतवाल्याचं देणं, बँकेचं कर्ज, माल पडून. त्यांनी शांतपणे विचारलं, "कंपनी की प्रोप्रायटरी?"

"प्रोप्रायटरी." म्हणजे धंदा अण्णांच्या एकट्याच्या मालकीचा.

"मग आयबीसी विसरा. व्यक्तींसाठीचा तिसरा भाग फक्त कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालाय, २०१९च्या डिसेंबरपासून. तुमच्याकडे अजून १९२०चाच कायदा."

म्हणजे नादारीचा! आमच्या कपाटातला, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. माझी जीभ एकदम सैल झाली. अर्ज इथंच, जिल्हा न्यायालयात. कर्ज किती हवं? पाचशे रुपये. एनसीएलटीत कोटी आणि इथं पाचशे, आणि दोन्ही कायदे एकाच देशात गुण्यागोविंदानं नांदतात. नादारीची लक्षणं सांगताना तर मला रंगच चढला. धनकोंना चुकवायला घर सोडून जाणं, त्यांची गाठ पडू नये म्हणून लपून बसणं. ही दोन बोलताना मी कॅमेऱ्याकडे जरा जास्तच रोखून पाहिलं असावं.

मेंटॉर लिहून घेत होते. पंचेचाळीसपैकी चाळीस मिनिटं मी बोललो. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे पंढरपूरचा एक व्यापारी आलाय, असाच. हा कायदा मी कॉलेजनंतर उघडलेला नाही. तुमचा थोडा वेळ मिळेल का? तुमची लिंक पाठवता?"

ज्युनिअर तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. मी म्हटलं, लिंक नाही, फोन करा, फक्त पाण्याचा दिवस सोडून.

अण्णा इतका वेळ पिंपाच्या कडेवर बसून ऐकत होते. पाइप बाजूला सारत म्हणाले, "साहेब, त्येंच्याकडनं फी घ्या की. माझी तेवढी त्यात वळती करा."